तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

आमचं सभागृह एका लाँड्रीच्या डोक्यावर आहे. सभागृह हा शब्द ते चालवणाऱ्या साहेबांचा. मी हॉल म्हणते, आणि खालचा लाँड्रीवाला ‘वरची खोली’ म्हणतो. बावन्न खुर्च्या मावतात. सोळा लोखंडी, बाकीच्या घडीच्या प्लास्टिकच्या आणि एक वेताची, जी दिसायला सगळ्यात चांगली आणि बसायला सगळ्यात वाईट, म्हणून प्रमुख पाहुण्यांना. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खालचं मोठं मशीन कपडे पिळायला घेतं आणि चार मिनिटं आमची जमीन थरथरते. नवे श्रोते दचकून दाराकडे बघतात. जुने नुसता चहाचा कप उचलून धरतात.

मी इथे नेमकं काय करते हे मलाही एका शब्दात सांगता येत नाही. तिकिटं फाडते, खुर्च्या लावते, चहा करते, माईकच्या वायरीवर पट्टी चिकटवते म्हणजे कोणी तोंडावर पडू नये. पत्रकंही मीच लिहिते. शाळा फार झाली नाही माझी, पण हाताला लागेल ते वाचत आले, पुडीच्या कागदापासून. त्यामुळे ‘सविनय’ कुठे घालायचं आणि कुठे घालू नये एवढं कळतं.

साहेबांना आम्ही ‘बघूया’ म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. पंखा बिघडला, बघूया. पडद्याला भोक पडलं, बघूया. गेल्या महिन्यात मात्र ते बघायचे थांबले आणि त्यांनी चक्क काहीतरी ठरवलं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘गोष्टी आणि सूर’. पहिला तासभर आपल्याच गल्लीतलं कोणीतरी स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगणार, मग चहा, मग दूरदेशीचा एखादा वादक.

“वादक मी आणतो,” बघूया म्हणाले. “गोष्टवाला तुम्ही शोधा.”

मी पत्रक लिहिलं आणि एक प्रत घरी फ्रिजवर लावली. माझे सासरे, म्हणजे बाबा, दोन दिवस त्या फ्रिजपाशी घुटमळत होते. मला वाटलं गुडघेदुखीच्या मलमाची डबी शोधताहेत. तिसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्याची खात्री करून ते स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, “अगं, ते गोष्टीचं… मी सांगितली तर चालेल?”

“चालेल म्हणजे काय, पळेल. लिफ्टची ना?”

“लिफ्टचीच. दुसरी आहे कुठे माझ्याकडे?” मग न्हाणीघराच्या दाराकडे एक नजर टाकून म्हणाले, “पण एक अट आहे. मला ती शेवटपर्यंत सांगायचीय. एकदा तरी. मी, एकट्याने.”

आता हे समजायला लिफ्टची गोष्ट माहीत हवी.

बाबा आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक होते. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून नुकतंच वर्ष झालेलं असताना, त्यांना एका पाच मजली ऑफिसातून बोलावणं आलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकलीय, आत एक टायपिस्ट मुलगी आहे. जुनी जाळीदार लिफ्ट, तिच्याभोवती गोल फिरत जाणारा जिना. बाबांनी मुख्य स्विच बंद केला, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, बिघाड शोधू लागले. मधेमधे खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसून जाळीतून त्या मुलीला धीर द्यायचे. “बोलत राहा, म्हणजे भीती वाटणार नाही,” असं त्यांनीच तिला सांगितलं. ती जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही, असं आमचे हे म्हणतात. ती टायपिस्ट मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई.

गोष्ट बाबाच सांगतात. कोणीही घरी आलं, गॅसवाला आला तरी सांगतात. लिफ्टचे दोर, मोटारीचा आवाज, काजळी धरलेला विजेचा कॉन्टॅक्ट, पॉलिश पेपर, सगळं हातवाऱ्यांसकट. आणि मग, “मी कॉन्टॅक्ट घासून साफ केला, मेन स्विच चालू केला, आणि…” 

इथे सासूबाई येतात. कुठेही असोत, येतात. स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, एकदा तर शेजारच्या घरातून.

“आणि दार उघडलं! मी बाहेर आले आणि म्हटलं, ‘अहो मेकॅनिक, एवढ्या वेळात मी जिन्याने घरी जाऊन स्वयंपाक करून परत आले असते.’ हे असे लाजले, असे लाजले! झालं. लग्न झालं. चला, पानं घेतलीयेत.”

सगळे हसतात, जेवायला उठतात. बाबांचा पॉलिश पेपर धरलेला हात हवेतच राहतो. वीस वर्षं मी या घरात आहे, त्या ‘आणि’च्या पुढे बाबांना जाताना मी पाहिलेलं नाही.

“आईंना सांगते मी,” मी म्हटलं. “आईंना घरीच ठेवू का?”

“छे छे!” बाबा घाबरले. “तिला पुढच्याच रांगेत बसवायचं. फक्त तिने बोलायचं नाही.”

समुद्राला पुढच्या रांगेत बसवायचं, फक्त त्याने आवाज करायचा नाही, तसं हे झालं. पण मी त्या रात्रीच विषय काढला. सासूबाईंनी आधी ऐकूनच घेतलं नाही, मग ऐकून घेतलं आणि दुखावल्या.

“मी बोलते? मी कधी बोलते? मी मदत करते! त्यांना शेवट येत नाही म्हणून मी सांगते.”

“येतो मला शेवट,” बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

“काय येतो? सांगा बघू.”

“त्या दिवशी सांगेन.”

सासूबाई एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की आमच्याकडे हे लगेच विचारतात, तब्येत बरी आहे ना? पण त्या दिवशी कोणी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “ठीक आहे. खोकल्याची गोळी धरून बसेन तोंडात. मग तर झालं?”

तालीम घरी करणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी बाबांनी न्हाणीघरात कडी लावून केली, तर मेन स्विच चालू झाल्याबरोबर बाहेरून आवाज आला, “आणि दार उघडलं!” सवयीचा भाग, त्यांना स्वतःलाही कळलं नाही. म्हणून मी बाबांना दुपारी हॉलवर न्यायला लागले. रिकाम्या बावन्न खुर्च्यांसमोर ते झकास सांगायचे. मेन स्विचपर्यंत आले, “आणि…” म्हणाले, की मान आपोआप डावीकडे वळायची, जिथे आमच्या घरी स्वयंपाकघर आहे. आणि ते थांबायचे.

“पुढे, बाबा?”

“पुढचं येतं मला.”

“मग म्हणून दाखवा ना एकदा.”

“अगं, रिकाम्या खुर्च्यांना काय सांगायचं ते? ते त्या दिवशीच.” आणि पॉलिश पेपर खिशात. खरा पॉलिश पेपर, हां. दुकानातून नवा आणला होता.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माझं अर्धं लक्ष वादकाकडे होतं. बघूयांनी आणलेला वादक फार लांबून यायचा होता. लांब मानेचं, पोटाशी भोपळ्याएवढं असलेलं, तीन तारांचं वाद्य. भाषा त्यांची आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. सगळा पत्रव्यवहार फोनमधल्या भाषांतरावर चालला होता. त्यांनी विचारलं, मी कधी सुरू करू? मी लिहिलं, गोष्ट सांगणारे आमचे बाबा बोलायचे थांबले की चहा होईल, मग तुम्ही. फोनने त्याचं काय केलं देव जाणे. त्यावर उत्तर आलं ते फोनने मला असं वाचून दाखवलं, “वृद्ध थांबतो तेव्हा मी. उत्तम. सन्मान.” चहाचं नाव नव्हतं. चहा कोण विसरतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

शनिवार आला. सव्वासहालाच एकेचाळीस लोक हजर, म्हणजे आमच्या मानाने जत्राच. बाबा ठेवणीतला निळा शर्ट घालून आले होते, खिशात पॉलिश पेपर. सासूबाई पहिल्या रांगेत वेताच्या खुर्चीवर. मी म्हटलं, आई, ती टोचते. त्या म्हणाल्या, “टोचू दे. जागी राहीन.” पर्समधून गोळी काढून मला दाखवली आणि तोंडात टाकली, शपथ घेतल्यासारखी.

वादक पाहुणे स्टेजच्या कोपऱ्यात आधीच येऊन बसले होते. वाद्य मांडीवर, डोळे बाबांवर. उंच, शिडशिडीत, दाढीत थोडं पांढरं. मी त्यांना हातानेच विचारलं, चहा? त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मी हो समजले. ते काय समजले ते पुढे कळलं.

बाबा उभे राहिले. पहिलं मिनिट आवाज कापला, मग लागला. लोक हसायला लागले तसे तर ते खुललेच. लिफ्टचे दोर कसे वंगणात न्हालेले असतात, जाळीतून ती मुलगी कशी दिसत होती, चौकटी-चौकटीची. तिने भीती घालवायला म्हणून आपल्या हेडक्लार्कची गोष्ट कशी काढली. हा हेडक्लार्क म्हणे इतका संशयी, की आपली खुर्ची कोणी पळवू नये म्हणून तिला साखळी लावून टेबलाला कुलूप घालायचा, आणि एक दिवस त्याची किल्लीच हरवली. “आणि तो होता खुर्चीवर बसलेला,” बाबा म्हणाले, “साखळी पोटावरून!” हॉल हसून फुटला. बाबा म्हणाले, “आता ती पुढचं सांगणार तेवढ्यात मला वर जावं लागलं. नोकरी होती. जीव खाली, पाय वर.”

सात दहाला मशीन सुरू झालं. जमीन थरथरली, नवे श्रोते दचकून दाराकडे बघायला लागले. बाबांनी तेवढ्यात सांगून टाकलं, मोटार अशीच थरथरायची. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. दाराजवळ उभे असलेले बघूया माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हे दर महिन्याला येतील का?” मी म्हटलं, “बघूया.”

मग बाबा मशीनच्या खोलीत पोहोचले. खिशातून पॉलिश पेपर काढला. कॉन्टॅक्ट घासला, फुंकर मारली. “मेन स्विच चालू केला,” ते म्हणाले. “आणि…”

त्याच क्षणी खालचं मशीन थांबलं. इतकी शांतता आमच्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती. बाबांची मान डावीकडे वळली. तिकडे स्वयंपाकघर नव्हतं, भिंत होती, तिच्यावर आग विझवायचं नळकांडं. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा गाल गोळीने फुगलेला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट, डोळे लाल. बाई शब्दाला जागत होती. बाबांचा पॉलिश पेपर धरलेला हात हवेतच राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. सत्तेचाळीस वर्षं शेवट दुसऱ्याने सांगितला, आता यांच्याकडे आहे काय सांगायला?

वृद्ध थांबला होता. कोपऱ्यातल्या पाहुण्यांनी अदबीने मान लववली आणि वाजवायला सुरुवात केली.

काय सांगू, सुंदर वाजवत होते. एखाद्याने रिकाम्या घरात पाणी ओतत जावं तसा काहीसा आवाज. लोकांना वाटलं गोष्ट इथेच संपली, मोठी कलात्मक संपली. टाळ्या सुरू झाल्या. बघूया तर हात वर करून वाजवायला लागले. मी दारातून हातवारे करतेय, थांबा, थांबा. पाहुण्यांना वाटलं मी ताल धरलाय. ते माझ्याकडे बघून हसले आणि लय वाढवली.

“थांबा!” बाबा ओरडले.

टाळ्या थांबल्या. पाहुणे थांबले नाहीत, पण घाबरून एकाच तारेवर आले. टुंग. टुंग.

“संपलेली नाही,” बाबा म्हणाले. “माझी गोष्ट आहे. मी सांगेन ना कधी संपते ते.” त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. “मेन स्विच चालू केला आणि… दार उघडलं नाही.”

टुंग.

“पंखा फिरायला लागला. लिफ्टच्या छताला छोटा पंखा होता. मेन चालू केला की तो सुरू व्हायचा. म्हणजे लिफ्ट चालू झाली होती, बरं का. वीस मिनिटांत झाली होती. मी खाली आलो तिला सांगायला, की बाई, आता बटण दाबा. तर ती म्हणाली, ‘आलात? बसा. तर त्याने काय केलं, खुर्चीसकटच उठला…’ मी बसलो. म्हटलं एवढं ऐकावं आणि मग सांगावं. ती म्हणाली, झालं का दुरुस्त? मी म्हटलं, थोडा वेळ लागेल.” बाबांनी पॉलिश पेपरची घडी घातली. “दीड तास लागला. दीड तास त्या मुलीला मी कोंडून ठेवलं. चालू लिफ्टमध्ये. हा शेवट आहे. दर वेळी वाटायचं सांगावं, आणि दर वेळी ही मधे यायची, आणि मला बरंच वाटायचं. पण मी आता बहात्तर वर्षांचा आहे. माफ कर गं.”

तेवढ्यात कडाड असा आवाज आला. सासूबाईंनी गोळी चावली होती.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत होतं?”

“अहो, डोक्यावर पंखा फिरत होता माझ्या! केस उडत होते. मला काय वाटलं असेल, वारा कुठून आला? मजले मोजायला आला?”

हसण्याची अशी लाट आली की टुंगसुद्धा बुडलं. बाबा मात्र हसत नव्हते. ते स्टेजच्या कडेला आले.

“मग बोलली का नाहीस?”

“गोष्ट अर्धी राहिली असती.”

“आणि नंतर? सत्तेचाळीस वर्षं?”

“नंतर काय सांगणार?” सासूबाई उभ्या राहिल्या. वेताची खुर्ची त्यांना चिकटून थोडी वर आली आणि खाली पडली. “चालू लिफ्टमध्ये दीड तास बसून राहिले, एका मेकॅनिकशी गप्पा मारत, हे चारचौघांत सांगू? माझ्या आईला कळलं असतं तर? म्हणून तर तुम्ही मेन स्विचपाशी आलात की मी कान टवकारायचे. वाटायचं, आता हे पंख्याचं काढणार. म्हणून पळत यायचे. हातातलं दूध उतू गेलंय माझं, ऐकता का?”

“म्हणजे तू मला अडवत होतीस?”

“मग काय मदत करत होते?”

मागच्या रांगेतली चष्मेवाली बाई उठून उभी राहिली. दर कार्यक्रमाला येते, दर कार्यक्रमाला एक प्रश्न विचारते. “माफ करा, पण त्या हेडक्लार्कचं पुढे काय झालं? खुर्चीसकट उठला, मग?”

“ते हीच सांगेल,” बाबा म्हणाले. “मग तो तसाच जिना उतरला, ऑफिसच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाला गेला…”

“अहो,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ते खरं नव्हतं.”

“काय खरं नव्हतं?”

“साखळी. हेडक्लार्कला साखळी नव्हतीच. होता बिचारा साधा माणूस. मला काहीतरी बोलायला हवं होतं ना? पंखा सुरू झाल्यावर तर वाढवत वाढवत नेलं. लग्न, वरात, कुलपाचा कारागीर… सगळं तिथल्या तिथे रचलं.”

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. दीड तासाच्या कबुलीने त्यांना जेवढं हलकं केलं होतं, त्याच्या दुप्पट या बातमीने खचवलं. “मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितलीय,” ते म्हणाले. “निरोपाच्या भाषणात सांगितलीय. खरी म्हणून!”

“तुम्ही विचारलं कुठे?”

बाबा तिथेच स्टेजच्या कडेवर बसले. सासूबाई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. पाहुण्यांनी एकदा त्या दोघांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो. आता खरंच थांबलेत. ते वाजवायला लागले, आणि त्या दिवशी चहा राहूनच गेला. कोणी मागितलाही नाही.

साडेआठला लोक गेले. बघूया म्हणाले, पुढच्या महिन्याला काय? आणि प्रथमच त्यांनी स्वतःच्या प्रश्नाला स्वतः ‘बघूया’ असं उत्तर दिलं नाही. पाहुण्यांच्या वाद्याची पेटी उचलून स्वतः खाली नेली. पाहुणे जाताना बाबांपुढे छातीवर हात ठेवून बराच वेळ वाकून उभे राहिले. त्यांना या सगळ्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. पण त्यांनी पॉलिश पेपर मागून घेतला, आठवण म्हणून.

मी खुर्च्या मिटायला लागले. लोखंडी सोळा आधी, कारण त्यांचा आवाज होतो. बाबा आणि सासूबाई जिन्यात, वरून चौथ्या पायरीवर बसून राहिले होते. बाबा अजून रुसलेले. खालून लाँड्रीच्या शटरचा आवाज आला. रस्त्यावर आमचे हे गाडी घेऊन आले होते.

“कुलपाचा कारागीर पण नव्हता?” बाबांनी विचारलं.

“नव्हता.”

“आणि वरात?”

“नव्हती हो.”

मी वायरीवरची पट्टी सोलून काढत होते.

“मग हेडक्लार्क होता तरी कसा?”

“सांगू खरं खरं?” सासूबाई म्हणाल्या. “घाई नाही ना?”

“मला कसली घाई?”

“तर तो रोज सकाळी यायचा तो आधी खिडकी उघडायचा…”

खाली ह्यांनी हॉर्न दिला. एकदा, मग दोनदा. मी खिडकीशी गेले. हे गाडीतून मान बाहेर काढून खुणेने विचारत होते, काय झालं? सगळ्या खुर्च्या मिटून झाल्या होत्या, वायर गुंडाळून झाली होती, कुलूप माझ्या हातात होतं.

“थोडा वेळ लागेल!” मी वरून ओरडले, आणि एक प्लास्टिकची खुर्ची पुन्हा उघडून दाराआड बसले.